हॉजकिनचा रोग : बरीं झालेलीं मुलें पुढें कशीं राहतात

मुलाला न्हाऊं घालतांना किंवा सदऱ्याचें वरचें बटण लावतांना आईच्या हाताला त्याच्या मानेच्या बाजूस एक गांठ लागते. ती दुखत नाहीं, तांबूस दिसत नाहीं. अंगांत ताप नाहीं. मूल खेळतें आहे, जेवतें आहे. घरांतील वडील मंडळी म्हणतात, दांत किडला असेल, घसा सुजला असेल, अवधाण असेल. आणि बहुतेक वेळां त्यांचें म्हणणें खरेंच ठरतें. पायाला ठेंच लागून ती चिघळली कीं जांघेंत, बोटाला पू झाला कीं कांखेंत, घसा आला कीं जबड्याखालीं गांठ धरते आणि दोनतीन आठवड्यांत ओसरून जाते. पण क्वचित् एखादी गांठ ओसरत नाहीं. ती रबरासारखी चिवट राहते, तिच्या शेजारीं दुसरी उठते, संध्याकाळीं मुलाच्या अंगांत कणकण येऊं लागते, रात्रीं घामानें अंथरूण भिजतें, वजन उतरतें. अशा गांठींपैकीं कांहींच्या मुळाशीं लिम्फोमा, म्हणजे लसीकाग्रंथींचा कर्करोग, असतो.

कर्करोग हा शब्द लहान मुलाच्या संबंधांत उच्चारला कीं घरावर आकाश कोसळतें, आणि तें स्वाभाविक आहे. तरी लिम्फोमाच्या ज्या प्रकाराला हॉजकिनचा रोग म्हणतात, त्याची कथा निराळी आहे. मुलांच्या कर्करोगांपैकीं जे सर्वांत अधिक बरे होतात त्यांत याची गणना होते. जेथें सर्व साधनें उपलब्ध आहेत आणि उपचार शेवटपर्यंत पुरा होतो, तेथें शंभरांपैकीं पंचाण्णवांहून अधिक मुलें पांच वर्षांनंतर जिवंत असतात. यामुळें या रोगाच्या बाबतींत ‘मूल वांचेल काय’ एवढाच प्रश्न आतां उरलेला नाहीं. ‘वांचलेलें मूल तीस, चाळीस, पन्नास वर्षांनीं कसें असेल’ हा प्रश्नही त्याच्याच बरोबरीचा झाला आहे. हा दुसरा प्रश्न पहिल्याच्या पोटांतून निघाला, आणि तो नीट उमगण्यास वैद्यकाला जवळजवळ एक पिढी लागली.

शरीरांत रक्तवाहिन्यांखेरीज बारीक नळ्यांचें आणखी एक जाळें पसरलेलें असतें. त्यांतून लसीका नांवाचा पातळ, फिकट रस वाहतो. वाटेवर मान, कांख, जांघ, छाती, पोट अशा ठिकाणीं लहान लहान ग्रंथी असतात. जुन्या रस्त्यांवर जशीं जकातीचीं नाकीं असत, तशींच हीं रोगजंतु अडविण्याचीं नाकीं होत. त्यांवर पहारा करणाऱ्या पांढऱ्या पेशींपैकींच एखादी बिघडते, तिच्या वाढीला धरबंध राहत नाहीं, आणि लिम्फोमा उद्भवतो. हॉजकिनच्या रोगांत एक विलक्षण गोष्ट अशी कीं, सुजलेल्या गांठींत खऱ्या रोगट पेशी फारच थोड्या असतात. बाकीची सारी गर्दी त्यांच्या भोंवतीं जमलेल्या निरोगी पेशींची. म्हणून नुसती बारीक सुई टोंचून काढलेला अंश निदानास पुष्कळदां पुरत नाहीं. चोरापेक्षां बघ्यांचीच संख्या अधिक असली म्हणजे चार माणसें पकडून चोर सांपडेलच असें नाहीं. यासाठीं शक्य तर संबंध गांठ काढून तपासावी लागते.

या रोगाचें वर्णन लंडनच्या गाय्ज रुग्णालयांतील टॉमस हॉजकिन यांनीं १८३२ सालीं केलें. त्यांनीं दिलेल्या रुग्णांपैकीं पहिला सुमारें नऊ वर्षांचा मुलगा होता. हॉजकिन यांचें नांव रोगाला जोडलें गेलें तें १८६५ सालीं, त्याच रुग्णालयांतील सॅम्युएल विल्क्स यांच्या उदारतेमुळें. पुढें १८९८ मध्यें व्हिएन्नाचे कार्ल स्टर्नबर्ग यांनीं आणि १९०२ मध्यें अमेरिकेंतील डॉरोथी रीड या तरुण डॉक्टरीणबाईंनीं सूक्ष्मदर्शकाखालीं या रोगाची खूण असलेली मोठी पेशी तपशिलानें वर्णिली. घुबडाच्या डोळ्यांसारखीं दोन केंद्रें मिरविणाऱ्या या पेशीला दोघांचेंही नांव आहे. स्टर्नबर्ग यांची समजूत अशी होती कीं हा क्षयाचाच एक प्रकार असावा. रीडबाईंनीं तें मत खोडून काढलें.

हा वाद जुना असला तरी आपल्याकडे तो रोज नव्यानें खेळला जातो. मानेंतील गांठींना आपल्याकडे पूर्वींपासून गंडमाळा म्हणत आले, आणि गंडमाळा म्हणजे बहुधा क्षय. भारतांत क्षय इतका पसरलेला आहे कीं मुलाच्या मानेंत न दुखणारी गांठ दिसली कीं डॉक्टरच्या मनांत प्रथम तोच येतो, आणि त्यांत त्याची चूक नाहीं. चूक होते ती पुढें. गांठ न तपासतां क्षयाचीं औषधें सुरू होतात. महिना जातो, दोन जातात. गांठ कमी झाल्यासारखी वाटते, पुन्हां वाढते. आणि रोग मानेंतून छातींत, छातींतून पोटांत उतरतो. कोठें कोठें स्टेरॉइडच्या गोळ्या देऊन गांठ तात्पुरती जिरविली जाते. त्यानें लिम्फोमा बरा होत नाहीं, पण त्याच्या खुणा पुसट होतात व निदान आणखी लांबतें. चार आठवड्यांत न उतरलेली, वाढत जाणारी किंवा हंसळीच्या हाडावर आलेली गांठ तपासल्याशिवाय कोणतेंही दीर्घ औषध सुरू करूं नये, एवढी हुशारी घरच्या माणसांनीं ठेवली तरी पुष्कळ साधेल. आणि मुलाला उताणें निजल्यावर धाप लागत असेल, तोंड सुजत असेल, तर थांबण्यास मुळींच सवड नाहीं. छातीच्या पोकळींत मोठी गांठ श्वासनळीला दाबीत असण्याचा संभव असतो.

आतां उपचारांकडे वळावयाचें. क्ष-किरणांनीं या गांठी विरघळतात हें १९०२ च्या सुमारासच ध्यानांत आलें होतें. पण त्या पुन्हां उगवत. जिनीव्हाचे रने गिल्बर्ट यांनीं सुजलेल्या ग्रंथींबरोबर शेजारच्या निरोगी दिसणाऱ्या ग्रंथींनाही किरण देण्यास आरंभ केला. टोरोंटोच्या व्हेरा पीटर्स या डॉक्टरीणबाईंनीं १९५० सालीं आपल्या रुग्णांचीं वर्षानुवर्षांचीं टिपणें प्रसिद्ध करून दाखविलें कीं, रोग थोडा पसरलेला असतांना अशा रीतीनें किरण दिल्यास कांहीं माणसें खरोखरच बरीं होतात. त्या वेळच्या वैद्यवर्गाला हें पटविणें सोपें नव्हतें, कारण हॉजकिनचा रोग म्हणजे मृत्यु अशीच समजूत पक्की झालेली होती. १९५६ नंतर स्टॅनफर्ड विद्यापीठाचे हेन्री कॅप्लन यांनीं अधिक भेदक किरण देणारें नवें यंत्र वापरून ही पद्धति पुढें नेली. मान, दोन्ही कांखा आणि छाती यांवर, खांद्यांवरून पांघरलेल्या उपरण्याप्रमाणें, किरणांचा एकच विस्तीर्ण पट्टा टाकण्यांत येई. मात्रा ४० ते ४४ ग्रे. ग्रे हें शरीरांत मुरलेल्या किरणांचें माप होय. ही मात्रा मोठी होती, आणि मुलांनाही तीच दिली जाई.

औषधांचा उगम तर युद्धांतच आहे. पहिल्या महायुद्धांतील मस्टर्ड वायूनें पोळलेल्या सैनिकांच्या रक्तांतील पांढऱ्या पेशी नाहींशा होतात, हें वैद्यांनीं पाहिलेलें होतें. १९४२ सालीं अमेरिकेंतील येल विद्यापीठांत त्याच कुळांतील नायट्रोजन मस्टर्ड हें द्रव्य लिम्फोमाच्या एका रुग्णाला प्रथम टोंचण्यांत आलें. गांठी आश्चर्य वाटावें अशा वेगानें वितळल्या, आणि कांहीं आठवड्यांनीं परत आल्या. युद्धकाळाच्या गुप्ततेमुळें ही हकीकत प्रसिद्ध झाली ती १९४६ मध्यें. दुसरें औषध अधिक सौम्य घराण्यांतलें आहे. आपल्या परसांत, देवळाच्या आवारांत, कुंपणाच्या कडेला बारमास फुलणाऱ्या सदाफुलीच्या पानांत दोन प्रभावी द्रव्यें असतात. त्यांपैकीं एक व्हिन्क्रिस्टिन. (पानांचा काढा पिऊन कोणी कर्करोग घालवूं पाहील, तर तो विषप्रयोगच होईल, पानांतील द्रव्य अत्यल्प, आणि शुद्ध केलेल्या औषधाची मात्राही अगदीं तोलून द्यावी लागते.) या दोहोंना प्रोकार्बाझिन आणि प्रेड्निसोन यांची जोड देऊन अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेंत व्हिन्सेंट डी व्हिटा व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९६४ सालीं चार औषधांचा मेळ योजिला. त्याला आद्याक्षरांवरून मॉप हें नांव पडलें. रोग सर्वत्र पसरलेल्या रुग्णांपैकींही दर पांचांत चौघांच्या अंगांतून तो दिसेनासा झाला, असें १९७० मध्यें जाहीर करण्यांत आलें. पुढें मिलानचे जान्नी बोनादोन्ना यांनीं १९७५ सालीं दुसऱ्या चार औषधांचा मेळ पुढें आणला. त्यांतील ॲड्रियामायसिन हें तांबड्या रंगाचें औषध मातींतील सूक्ष्म जीवापासून मिळतें, व त्याचें नांव इटलीलगतच्या ॲड्रिॲटिक समुद्रावरून ठेवलेलें आहे.

अशा रीतीनें दहावीस वर्षांच्या आंत एका असाध्य रोगाचा साध्य रोग झाला. शाळेंत परत जाणारीं, सायकल चालविणारीं, परीक्षेला बसणारीं हीं मुलें पाहून डॉक्टरांना धन्यता वाटली असेल तर त्यांत नवल नाहीं. पांच वर्षें रोग उलटला नाहीं म्हणजे ‘बरें झालें’ असें लिहून कागद बंद होत असे.

पण मूल म्हणजे लहान आकाराचा मोठा माणूस नव्हे. तें वाढत असतें. पहिली खूण दिसली ती हाडांत. आठव्या वर्षीं ज्याच्या मानेवर व छातीवर ४० ग्रे किरण पडले, त्याची मान पंधराव्या वर्षीं बारीक व आंखूड राहिली, हंसळीचीं हाडें वाढलीं नाहींत, खांदे अरुंद झाले. पाय नेहमीसारखे लांब आणि धड मात्र तोकडें, अशी आकृति घेऊन हीं मुलें तारुण्यांत आलीं. दुसरा धक्का प्लीहेचा. रोग पोटांत किती पसरला आहे हें पाहण्यासाठीं त्या काळीं पोट उघडून प्लीहा काढून टाकण्याची प्रथा होती. प्लीहेवांचून माणूस जगतो, पण न्यूमोकॉकससारख्या जंतूंशीं झुंजण्याचें त्याचें बळ जातें. कर्करोगांतून सुटलेलीं कांहीं मुलें सकाळीं ताप आला आणि रात्रीं गेलीं. ज्यांची प्लीहा काढलेली आहे त्यांना लसी टोंचाव्या लागतात, पेनिसिलिन द्यावें लागतें, आणि साधा तापही साधा मानून चालत नाहीं.

तिसरी गोष्ट कळली ती मुलगे मोठे होऊन त्यांचीं लग्नें झाल्यावर. मॉपच्या सहा फेऱ्या घेतलेल्या बहुतेक मुलग्यांना पुढें मूल होईना. मस्टर्ड आणि प्रोकार्बाझिन हीं औषधें वृषणांतील बीजपेशी कायमच्या जाळून टाकतात. मिसरूड फुटतें, आवाज फुटतो, बाकी सारें यथाकाळ होतें; म्हणून पंचवीस वर्षांच्या वयापर्यंत कोणाला शंकाही येत नाहीं. मुलींच्या बीजकोशांत सांठा अधिक असल्यानें त्यांना पाळी येते, मुलेंही होतात. पण कित्येकींची पाळी तिशी-पस्तिशींतच थांबते. मानेवर किरण पडलेल्यांच्या अवटुग्रंथीचें काम मंदावतें. मोठी मात्रा मिळालेल्यांपैकीं सुमारें निम्म्यांना वीस वर्षांच्या आंत हा विकार जडला. सुदैवानें त्यावर रोज एक गोळी पुरते, पण ती गोळी द्यावी हें कोणाच्या तरी लक्षांत यावें लागतें. सुस्तपणा, केस गळणें, वजन वाढणें यांचा संबंध वीस वर्षांपूर्वींच्या उपचाराशीं कोण लावणार?

सर्वांत भारी किंमत मात्र सर्वांत शेवटीं मागितली गेली. १९९६ सालीं अमेरिकेंतील एका अभ्यासमंडळानें, १९५५ ते १९८६ या काळांत हॉजकिनचा रोग झालेल्या १३८० मुलांची पुढील हकीकत प्रसिद्ध केली. त्यांतील मुलींना चाळीसाव्या वर्षापर्यंत स्तनाचा कर्करोग होण्याचा संभव शेंकडा ३५ असल्याचा हिशेब निघाला. पुढें अधिक वर्षांच्या नोंदी जमल्यावर २००३ मध्यें हा आंकडा चाळीस वर्षांच्या वयाला शेंकडा १४ च्या सुमारास आणि पंचेचाळिसाव्या वर्षापर्यंत शेंकडा २० वर आला. तरीही, ज्या वयांत इतर स्त्रियांना हा रोग क्वचितच होतो त्या वयांत पांचांतील एकीला तो व्हावा, हें भयंकरच म्हटलें पाहिजे. दहाव्या-पंधराव्या वर्षीं, स्तन घडत असतांना, छातीवर टाकलेल्या किरणांचें हें फळ होतें. हृदयाची गोष्ट तशीच. किरणांनीं हृदयाच्या स्वतःच्या रक्तवाहिन्या अकालीं कठीण होतात, झडपा जाड होतात. ॲड्रियामायसिननें हृदयाचा स्नायु झिजतो, आणि ही झीज वीस वर्षें मुकाट राहून एखाद्या बाळंतपणांत किंवा मोठ्या श्रमांत एकाएकीं उघडकीस येते. दोन्ही उपचार ज्याला मिळाले त्याला दोन्ही धोके.

येथें एक गोष्ट न्यायानें सांगितली पाहिजे. ज्यांनीं हे उपचार केले त्यांना दोष देणें सोपें आहे. पण त्या मुलांपुढें दुसरा पर्याय मृत्यूचा होता. चाळीसाव्या वर्षीं येणारें संकट येण्यासाठीं सुद्धां चाळीस वर्षें जगावें लागतें. दोष द्यावयाचाच झाला तर तो कागद बंद करण्याच्या घाईला द्यावा लागेल. बरें झालेलें मूल पुन्हां तपासावयास बोलावणें हें कोणाच्याच कामांत मोडत नव्हतें.

१९९४ सालीं अमेरिकेंत बालपणीं कर्करोग होऊन वांचलेल्या हजारों माणसांची पद्धतशीर नोंद ठेवण्याचें काम सुरू झालें. १९७० ते १९८६ या काळांत रोग झालेल्या व पांच वर्षें जगलेल्या मुलांचा त्यांत प्रथम समावेश होता. त्यांपैकीं दहा हजारांहून अधिक जणांचा हिशेब २००६ मध्यें प्रसिद्ध झाला: शेंकडा ६२ जणांना एक तरी दीर्घ विकार जडलेला, आणि शेंकडा २७ जणांचा विकार गंभीर स्वरूपाचा. यांत सर्व प्रकारचे कर्करोग आले; पण हॉजकिनच्या रोगांतून सुटलेले लोक अधिक भार वाहणाऱ्यांत होते.

आतां या कथेची दुसरी बाजू, आणि तीच अधिक समाधानाची आहे. कांहीं वैद्यांनीं हा धोका फार लवकर ओळखला. स्टॅनफर्डमध्येंच सॅरा डोनाल्डसन यांनीं १९७० नंतरच्या वर्षांत मुलांच्या उपचारांत निराळी वाट धरली. औषधें आणि किरण दोन्ही द्यावयाचीं, पण किरणांची मात्रा हाडाच्या वयाप्रमाणें १५ ते २५ ग्रेपर्यंत उतरवावयाची. रोग तेवढाच बरा झाला आणि मुलांची वाढही बरीचशी नीट झाली. जर्मनींत म्युन्स्टरचे ग्युंटर शेलाँग यांनीं १९७८ पासून एकामागून एक प्रयोगांची मालिका चालविली. त्या मालिकेंतील एक अपयश मोठें बोधप्रद आहे. मुलग्यांचें पितृत्व राखावें म्हणून १९८५ च्या प्रयोगांत प्रोकार्बाझिन वगळण्यांत आलें, आणि पुढच्या पायरीवर पोचलेल्या मुलांत रोग उलटण्याचें प्रमाण ताबडतोब वाढलें. प्रयोग लवकरच आवरता घेतला गेला. म्हणजे उपचारांतून कांहीं काढून घेणें हें देखील नवें औषध देण्याइतकेंच जोखमीचें. पुढें १९९० मध्यें मुलग्यांसाठीं प्रोकार्बाझिनच्या जागीं एटोपोसाइड घालण्यांत आलें. तेव्हां गुणही आला आणि बीजपेशींची हानिही कमी झाली. १९९५ च्या प्रयोगांत त्याहून धीट प्रश्न विचारला गेला: औषधांनींच रोग पूर्ण नाहींसा झाला तर किरण द्यावेच कशाला?

या प्रश्नाला नीट उत्तर देतां आलें तें नव्या चित्रणपद्धतीमुळें. रोगट पेशी साखर अधिक खातात. किरणोत्सर्गी खूण लावलेली साखर थोडीशी टोंचली म्हणजे ती जेथें जमते तेथें रोग जिवंत आहे असें समजतें; याला पेट तपासणी म्हणतात. गांठ दिसते, पण तींत जीव आहे कीं नुसता व्रण उरला आहे, हें पूर्वीं कळत नसे. आतां बहुतांशीं कळतें. युरोपांतील अनेक देशांनीं मिळून २००७ ते २०१३ या काळांत दोन हजारांहून अधिक मुलांवर हें तत्त्व लावून पाहिलें. औषधांच्या पहिल्या दोन फेऱ्यांनंतर तपासणी करावयाची, आणि जीं मुलें चांगला प्रतिसाद देतील त्यांना किरण मुळींच द्यावयाचे नाहींत. सुमारें निम्मीं मुलें अशा रीतीनें किरणांवांचून बरीं झालीं.

आज एखाद्या दहा वर्षांच्या मुलाला हा रोग झाला तर उपचाराचा क्रम साधारणतः असा असतो. गांठ काढून निदान. संबंध शरीराचें चित्रण. मग चार चार आठवड्यांच्या दोन ते सहा फेऱ्या. केस जातात व परत येतात, तोंड येतें, रक्तांतील पेशी उतरल्या कीं ताप येतो व मुलाला तांतडीनें दवाखान्यांत न्यावें लागतें. सहासात महिन्यांत सारें आटोपतें. तारुण्यांत आलेल्या मुलग्याचें वीर्य आधींच गोठवून ठेवण्याची सोय मोठ्या शहरांत आहे. ती विचारण्याचा संकोच आईबाप करतात, आणि पुष्कळदां डॉक्टरही करतात. हा संकोच दहा मिनिटांचा, आणि त्याचे परिणाम जन्माचे.

मुलांतील दुसऱ्या जातीचे लिम्फोमा, ज्यांना हॉजकिनेतर म्हणतात, ते स्वभावानें फार वेगवान असतात. युगांडांतील कंपाला येथें डेनिस बर्किट या शस्त्रवैद्यानें १९५८ सालीं वर्णिलेली जबड्याची गांठ कांहीं दिवसांत दुप्पट होते. तिच्यावरचा उपचार तीव्र पण थोड्या महिन्यांचा असतो, आणि रोग उलटावयाचा तर बहुधा पहिल्या वर्षांतच उलटतो. या मुलांना सहसा किरण दिले जात नाहींत, त्यामुळें मागून येणारे स्तनांचे व हाडांचे विकार त्यांच्या वांट्याला तितके येत नाहींत. हृदयाची काळजी मात्र त्यांनाही घ्यावी लागते.

भारतांतील चित्र कांहीं बाबतींत निराळें आहे. पाश्चात्य देशांत हा रोग पौगंडावस्थेंत अधिक, आपल्याकडे तो पांचसात वर्षांच्या मुलांतही पुष्कळ दिसतो, आणि रोगट पेशींत एप्स्टाइन-बार विषाणूच्या खुणा फार मोठ्या प्रमाणांत सांपडतात. मुलगे मुलींच्या मानानें अधिक आढळतात. यांत रोगाचा स्वभाव किती आणि मुलीला मुंबईपर्यंत आणण्याची घरच्यांची नाखुषी किती, हा वाटा कागदावर नीट मांडतां येत नाहीं. पण दुसरें कारण अजिबात नाहीं असें कोणी म्हणूं नये. दूरच्या गांवाहून आलेलें कुटुंब दोन फेऱ्यांनंतर गांठ दिसेनाशी झाली कीं ‘आतां बरें आहे’ म्हणून परत जातें. पेरणी असते, नोकरी असते, घरीं दुसरीं मुलें असतात. अर्धवट सोडलेला उपचार हें आपल्याकडील अपयशाचें एक मोठें कारण आहे.

बरें झाल्यावरची देखरेख येथेंही सुरू झालेली आहे. परळ येथें १९४१ सालीं उघडलेल्या टाटा मेमोरियल रुग्णालयांत १९९१ पासून उपचार पुरा झालेल्या मुलांसाठीं स्वतंत्र तपासणी-विभाग चालतो. तेथें मूल रोगी म्हणून येत नाहीं. वाढ, अवटु, हृदय, अभ्यास, मन यांची विचारपूस करण्यासाठीं येतें. पण मुलगी वीस वर्षांची झाली कीं घरांत एक निराळाच विचार शिरतो: स्थळें येतील, जुनें दुखणें कशाला उकरावयाचें? मग कागदपत्र माळ्यावर जातात, कधीं कधीं जाळलेही जातात. तिची छाती किरणांखालीं होती ही गोष्ट तिच्या नवऱ्याला ठाऊक नसते, बाळंतपण करणाऱ्या डॉक्टरला ठाऊक नसते, आणि फार लहानपणीं आजार झाला असेल तर तिला स्वतःलाही धड ठाऊक नसते. जी भीति या लपवालपवीच्या मुळाशीं आहे, ती बहुतांशीं निराधार आहे. हा रोग स्पर्शानें लागत नाहीं. उपचार झालेल्या आईबापांच्या मुलांत जन्मजात व्यंगें अधिक असतात काय, हें मोठ्या नोंदींत पाहिलें गेलें आहे, व तशीं तीं अधिक आढळलेलीं नाहींत.

लपविण्यानें जें गमावलें जातें त्याची यादी मात्र ठोस आहे. छातीवर १० ग्रे किंवा अधिक किरण पडलेल्या स्त्रीच्या स्तनांची तपासणी पंचविसाव्या वर्षापासून, अथवा किरणांनंतर आठ वर्षांनीं, यांपैकीं जें उशिरा येईल तेव्हांपासून दरसाल व्हावी, असा आज जगभरच्या तज्ज्ञांचा अभिप्राय आहे. गांठ लहान असतांना सांपडली तर ती बरी होते. ॲड्रियामायसिन मिळालेल्यांच्या हृदयाचें ध्वनिलहरींनीं चित्रण ठराविक वर्षांनीं, आणि गरोदरपणापूर्वीं अवश्य. मानेवर किरण पडलेल्यांचें अवटूचें रक्त दरसाल. छातीवर किरण अथवा ब्लिओमायसिन मिळालेल्यानें विडी-सिगारेटला स्पर्शही करूं नये. हें सारें ठरविण्यासाठीं लागतो तो एकच कागद: कोणतीं औषधें, प्रत्येकाची एकूण मात्रा किती, किरण कोठें व किती, प्लीहा आहे कीं नाहीं. उपचार संपल्याच्या दिवशींच तो मागून घ्यावा, त्याच्या चार प्रती कराव्या, आणि मूल सोळासतरा वर्षांचें झालें म्हणजे एक प्रत त्याच्या स्वाधीन करावी.

या काटकसरीचा परिणाम नोंदींत दिसूं लागला आहे. अमेरिकेंतील त्याच नोंदींतील ३४,०३३ व्यक्तींचा हिशेब २०१६ सालीं प्रसिद्ध झाला. हॉजकिनच्या रोगांतून पांच वर्षें पार पडलेल्यांपैकीं, रोग उलटण्याखेरीज इतर दुखण्यांनीं पुढील पंधरा वर्षांत दगावणाऱ्यांचें प्रमाण, १९७० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत उपचार झालेल्यांत शेंकडा ५.३ होतें, १९९० नंतरच्यांत तें २.६ वर आलें. नवीं औषधेंही येत आहेत. रोगट पेशीच्या अंगावरील खूण ओळखून नेमकें तिच्यावरच विष सोडणारें ब्रेंटुक्सिमॅब हें औषध अधिक पसरलेल्या रोगाच्या मुलांना दिल्यावर तीन वर्षांनंतर रोगमुक्त असणाऱ्यांचें प्रमाण शेंकडा ८२ वरून ९२ वर गेलें, असें २०२२ मध्यें जाहीर झालें. ज्या मुलांना तें मिळालें त्यांची चाळिशी २०४० ते २०६० या वर्षांच्या दरम्यान येईल, आणि त्यांच्या नांवांपुढील रकाने तोंवर उघडेच ठेवलेले आहेत.